कालवणाची मरळ

पारस, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी सवय शाळेपासूनची. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून तू मैदानातून उठलास, ऐन रंगात आलेल्या वादातून उठलास, माझ्या लग्नाच्या वरातीतून उठलास. पण दुसऱ्या दिवशी परत यायचास आणि जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करायचास. या वेळी मी वाट बघतोय आणि तू येत नाहीस.

तुझ्या कॉलेजातल्या एका बाईंचा फोन आला. स्मरणिका काढतायत. "भिकाशेठ, तुम्ही सरांचे बालमित्र. चार चांगले शब्द लिहा." मी म्हटलं, चांगले शब्द तुमच्याकडे ढीगभर असतील, माझ्याकडे भांडण आहे. चालेल का? त्या जरा गडबडल्या आणि मग म्हणाल्या, चालेल. म्हणून हे लिहितोय. तुझ्या पदव्या आणि परदेशातली व्याख्यानं बाकीचे लिहितील. मी धुळ्यातला मासळीचा ठोक व्यापारी, मला त्यातलं काय कळतं?

उठावण्याला जळगावला आलो होतो. तुझ्या समाजाचा तो रिवाज मला कधी पटला नाही. पांढऱ्या गाद्यांवर सगळे गप्प बसतात, मंत्र म्हणतात, हात जोडतात आणि घटकाभरात उठतात. दुकानं उघडायच्या आत दुःख आटोपलेलं असतं. मी बसूनच राहिलो. सतरंज्या गुंडाळणारे माझ्याभोवती ताटकळले. तुझा मोठा भाऊ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भिकाशेठ, चला आता." मी त्याला म्हटलं, "भाऊ, माझं अजून बोलणं व्हायचंय." त्याला वाटलं, मी रडतोय. मी चिडलो होतो.

तुझं गणित कुठे सुरू झालं हे तुझ्या कॉलेजला माहीत नाही. पांझरेचा पूर ओसरला की नदीच्या पात्रात डबकी राहायची. माझी आई बाजारात सुकट-बोंबील विकायची, तुझ्या वडिलांचं पलीकडच्या गल्लीत धान्याचं दुकान. शाळा सुटली की आपण दोघं नदीवर. एका डबक्यात एक मरळ अडकली होती आणि तिच्यासोबत बारक्या मासळीचा थवा. तू रोज तिला बघायला यायचास. बारकी मासळी कमी होत गेली, मरळ फुगत गेली. मग बारकी संपली आणि मरळ वाळायला लागली. एक दिवस ती पोट वर करून तरंगत होती.

"का मेली?" तू विचारलंस.

"खायला उरलं नाही म्हणून."

"मग तिने थोडी राखून का नाही खाल्ली?"

"तिचं काय तुझ्या बापासारखं दुकान आहे, माल राखून ठेवायला?"

तू हसला नाहीस. घरी जाताना सारखा तोच प्रश्न. पुढे तू आयुष्यभर तेच विचारत राहिलास, फक्त इंग्रजी अक्षरांत. तू कधी मासा खाल्ला नाहीस, मासा शिजत असलेल्या चुलीजवळ कधी बसला नाहीस. माझ्या आईने तुझ्यासाठी पितळेचा तांब्या वेगळा ठेवला होता, तोही राखेने घासून. तुझा धर्म माझ्या घरात बाटू नये ही काळजी तुझ्या आईपेक्षा माझ्या आईला जास्त. आणि तू पाण्यात कोण कुणाला खातं यावर डॉक्टर झालास. मी सगळ्यांना सांगायचो, आमचा पारस शाकाहारी आहे पण त्याच्या कागदावर रोज कत्तल होते.

शिंदखेड्याकडच्या तलावाचा ठेका मी घेतला तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त खूश झालास. म्हणालास, "भिका, आता माझ्याकडे खरं पाणी आलं." मी पावसाळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायचो आणि मरळ ती गिळायची. माझा हिशोब सरळ होता. मरळ चोर आहे, तिला काढा, वर तिला भावही सगळ्यात चढा. तू धुळ्याला माझ्या वखारीत बर्फाच्या पेट्यांवर बसून, नाकाला रुमाल लावून, मला दोन रेघा काढून दाखवल्यास. एक रेघ खाल्ल्या जाणाऱ्यांची, एक खाणाऱ्यांची. आधी पहिली चढते, तिच्यामागून दुसरी चढते. दुसरी फार चढली की पहिली पडते आणि मग खायला नाही म्हणून दुसरीही पडते. मग पहिली पुन्हा डोकं वर काढते. दोघी एकमेकींच्या मागे गोल फिरत राहतात.

"यात मी कुठे?" मी विचारलं.

"तू हा. एच." तू एका अक्षराभोवती गोल केलास. "जाळं टाकणारा. दोघांनाही काढणारा."

"मला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली, पारस. पण अक्षर कुणी केलं नव्हतं."

"अरे, मोठा मान आहे. तुझ्यामुळे सगळं उत्तर बदलतं."

"आणि तुझा एच रोज तेवढाच का? मरळीचा भाव चढला की माझी माणसं न सांगता मरळीची जाळी टाकतात. भाव पडला की रोहूकडे वळतात. हे तुझ्या अक्षराला कळतं का?"

तू रुमाल खाली केलास. वास विसरलास. पुढच्या वेळी आलास तेव्हा तुझ्या समीकरणात भाव शिरला होता, आणि तू मुंबईच्या कुठल्याशा परिषदेत सांगितलंस की ही गोष्ट तुला एका व्यापाऱ्याने शिकवली. नाव नाही घेतलंस. मी विचारलं तर म्हणालास, "तूच म्हणालास ना, धंद्यात नाव उघड करू नको." खरं होतं, पण लागलंच.

तुझ्याच सांगण्यावरून मी मरळ पूर्ण काढणं थांबवलं. तू म्हणालास, ही मरळ भराभर वाढणाऱ्या चिलापी माशाची पिल्लं खाते. ती संपली तर चिलापी माजेल, तलावाचं सगळं खाद्य तीच खाईल आणि तुझी रोहू हडकुळीच राहील. मरळ हवी, पण किती हवी ते मोजून सांगतो. एवढं एकच तुझ्याकडून मला पाहिजे होतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, मरळ काठच्या लव्हाळ्यात येते आणि तेव्हा तिला हवी तेवढी धरता येते. धरायची की सोडायची? जास्त राहिली तर माझी बोटुकली जाते, कमी राहिली तर चिलापी तलाव गिळते. दोन्हीकडे माझं वर्ष जातं, आणि तलावावर जाळी टाकणाऱ्या भिल्ल वस्तीचंही.

मग तुझं गणित अडलं. तुझ्या हिशोबाने तलावात जितकी मरळ असायला हवी तितकी माझ्या काट्यावर येईना. रोहू जुळायची, कटला जुळायचा, चिलापी जुळायची. मरळ दर हंगामात कमीच. तू चार रात्री झोपला नाहीस असं तुझी मुलगी नेहा म्हणाली. आणि मला न विचारता, दिवाळीनंतर वस्तीवर जी बैठक आपण ठेवली, तिथे तू उभा राहिलास. शाळेचा फळा आणला होतास. सगळं छान समजावलंस. बायामाणसंही ऐकत होती. आणि शेवटी, गणिताच्या मास्तराच्या साध्या तोंडाने बोललास, "काट्यावर येण्याआधीच मरळ कुठेतरी कमी होतेय. कोणीतरी खातंय, जे आपल्याला दिसत नाही."

 मग मागून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "म्हंजे आम्ही चोर शेतस का, मास्तर?"

तुला कळलंच नाही. तू म्हणालास, "नाही आजी, मी फक्त फरक सांगतोय." आणि फळ्यावर त्या फरकाच्या खाली रेघ मारलीस. ती रेघ मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवसापासून जाळी काठावर वाळत पडली. थर्माकोलचे तराफे उलटे. कोणी तुला दोष दिला नाही. त्यांना वाटलं, बोलायला मास्तर आणला पण बोलवता धनी शेठ. मी ज्या माणसांबरोबर इतकी वर्षं एका शब्दावर धंदा केला, ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

बैठकीच्याच दिवशी परतीच्या गाडीत मी तुझ्यावर ओरडलो. पारोळ्यापर्यंत ओरडत होतो.

"दर जाळ्यामागे कालवणापुरता मासा बाजूला निघतो. ओल्या बारदानाखाली ठेवतात. तो तोलायचा नसतो. आणि त्यात मरळच निघते, कारण बाळंतिणीला, आजाऱ्याला, सासरहून आलेल्या पोरीला तीच चालते. हे अख्ख्या खान्देशातल्या पाण्यावर असं आहे."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"जेवताना घास चावतो हे मी तुला सांगतो का? तू का नाही विचारलंस?"

"जे माहीतच नाही ते कसं विचारणार?"

"फळ्यावर मांडायच्या आधी विचारायचं."

"तू मासे विकतोस, मी गणित करतो. सांगायचं काम तुझं होतं."

 जळगावला तू उतरलास आणि दार बंद करताना म्हणालास, "पण भिका, उत्तर सापडलं ना?" तुझा चेहरा उजळला होता. म्हणून मी गाडी तशीच वळवली, पाणीसुद्धा न पिता. माझी माणसं तुटली होती आणि तुझं कोडं सुटलं होतं. पारस, ते मी अजून गिळलेलं नाही. तू गेलास म्हणून गिळणार नाही.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. वस्तीशी जुळवून घ्यायला मला हेलपाटे पडले. मी माफी मागितली नाही, माफी मागायचा तो प्रकारच नाही. मी जाऊन बसायचो. वस्तीचे म्होरके नाना चहा द्यायचे. एका सकाळी त्यांनीच पोरांना हाक मारून तराफे सुलटे करायला लावले. कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

तुझे फोन हिवाळ्यात आले. आधी तब्येत विचारायचास, मग तब्येतीवरून मरळीवर यायचास. म्हणालास, "समीकरणात मी त्या माशासाठी अक्षर घातलंय. क. इंग्रजीतला के नाही, आपला मराठी क. कालवणाचा. फक्त त्याची किंमत पाहिजे. एक हंगाम, भिका. तोलून परत द्यायचा त्यांनाच."

"कालवण तोलत नाहीत."

"मग उत्तर चुकीचं राहील."

"राहू दे चुकीचं."

"तू एवढा घासाघीस करणारा माणूस. त्यांच्याशी काहीतरी ठरव."

मी फोन ठेवला. उन्हाळा लागत होता. त्यानंतर तुझा फोन आला नाही, नेहाचा आला.

सौदा तुटला तरी मी बाजारात जाऊन दुसऱ्या दिवशी रामराम करतो. तुझ्याशी तेवढंही केलं नाही आणि त्याचा दोष मी एकट्याने घ्यायला तयार नाही. तूही जळगावहून बस पकडून येऊ शकला असतास.

मागच्या आठवड्यात नेहाने पुन्हा फोन केला. तुझा विद्यार्थी तुझा शोधनिबंध पुरा करतोय. "काका, पप्पांनी तुमच्याकडे एक आकडा मागितला होता. सगळं तयार आहे, तेवढीच जागा रिकामी आहे. तो आला की किती मरळ ठेवायची तेही निघेल. पप्पा म्हणायचे, भिकाला हे पहिलं कळवायचं." तिने आवाज सांभाळला होता. मला सांभाळता आला नाही, म्हणून मी खेकसलो, बघतो म्हटलं.

पाणी उतरलंय, पारस. लव्हाळ्यात मरळ हलताना काठावरून दिसते. ठरवायचे दिवस हेच. मी सकाळी गाडीत लहान काटा टाकून तलावावर गेलो. मनात सगळं जुळवलं होतं. मी आडत्यांना झुलवलंय, बर्फवाल्यांना झुलवलंय, एका म्हाताऱ्याला पटवणं काय अवघड.

जाळी नुकतीच आली होती. नाना पाण्यात गुडघाभर उभे राहून मासा वेगळा करत होते. काटा बघून त्यांचे हात थांबले नाहीत.

"मास्तर मरी गया, आयकं," ते म्हणाले. "भला माणूस व्हता. खाये नही, पन देखे भारी."

"त्याचं एक काम राहिलंय, नाना."

मी सगळं सांगितलं. अक्षर, आकडा, तोलून लगेच परत. नानांनी बारदान उचललं. खाली दोन मरळी होत्या, काळ्याभोर, गलफडं अजून हलत होती.

"तोला ना. कोन नही म्हनस? बठ्ठं तोली ल्या. पन काटावर चढनं का ते तुमनं व्हयनं. तुमनं उचलीसन आम्ही घर कसं लई जावूत?"

"काट्यावर चढलं म्हणून माझं कसं? मी परत देतो की."

"मंग ते दान व्हयनं."

जाळं झटकणारी त्यांची सून मान वर न करता म्हणाली, "शेठ, तुमना घरनं कालवन कोन तोलस?" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मला कळलं की सौदा संपला. समोरचा रागावला तर मी बोलू शकतो. हसला तर माझ्याकडे काही उरत नाही.

तुझ्या गणितातली अडचण मला तिथे उभ्याउभ्या दिसली. तू असतास तर किती खूश झाला असतास. काटा लावायच्या आधी तो कालवणाचा मासा आहे. काटा लावला की नाही. तोलून जो आकडा मिळेल तो दुसऱ्याच कशाचा तरी असेल. तू म्हणाला असतास, अंदाजे धर. वस्तीत घरं किती, जाळी किती, भागाकार कर. मला येतं ते. पण मग तीच रेघ मी त्यांच्या पाठीमागून मारली असं होईल. तू समोर मारलीस, तेवढा तू माझ्यापेक्षा बरा.

मी काटा गाडीत ठेवला.

मग नानांनी विचारलं, "लव्हाळामा जाळं टाकानं का नही?" हे मी तुझ्याकडून ऐकणार होतो. मी काठाकडे बघत राहिलो. पाऊस पडला की मरळ आपल्या लालसर पिल्लांचा थवा घेऊन याच लव्हाळ्यात राखण करते, तेवढे दिवस ती स्वतःही धड खात नाही, हे तूच मला दाखवलं होतंस. मी म्हटलं, "या वर्षी नाही टाकायचं. कालवणापुरती निघेल तेवढी निघू दे." माझी बोटुकली जाईल कदाचित. तुझं उत्तर माझ्यासोबत नव्हतं. पण मी जन्मभर समोरच्याच्या मनातला आकडा माहीत नसतानाच बोली लावत आलोय, त्यातली ही एक.

निघताना नानांनी बारदानाखालची एक मरळ उचलली, शेपटीकडून पळसाची पानं गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "घरना करता," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला मासा दिला तो काट्यावरूनच. मी नको म्हणणार होतो, पण नको म्हटलं असतं तर मी पुन्हा शेठ झालो असतो.

तलावाच्या भिंतीवर रेंज येते. तिथून नेहाला फोन लावला. एका हातात मरळ, दुसऱ्यात फोन.

"नेहा, आकडा नाही मिळायचा. तिथे क राहू दे."

तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, तो मराठी क बघून परदेशातले विचारतील हे काय आहे."

"विचारू दे. फळ्यावर मांडायच्या आधी विचारावंच माणसाने."

"पप्पा म्हणाले असते, मग उत्तर अपुरं राहील."

"माहीत आहे. त्याने मला म्हटलंय ते."

ती हसली, तुझ्यासारखी, नाकातून. तुझ्या निबंधात तळटीप घालू का म्हणाली. मी म्हटलं, घाल, पण वस्तीचं नाव नको, माझंही नको. हे सांगितलं आणि आठवलं, नावावरून मी तुला किती बोललो होतो.

फोन ठेवला आणि भिंतीवर उभा राहिलो. ऊन चढत होतं. मरळ चिवट, पानांतसुद्धा हातात वळवळत होती. पारस, माझं सगळं आयुष्य मासा हातात धरण्यात गेलं. कुठलाही मासा दे, काट्याआधी माझा हात सांगतो, आणि काट्याचा आणि हाताचा फरक फार तर चिमटीभर. ही मरळ नानांनी हातात ठेवली त्याच क्षणी मला कळलं किती भरेल.

तुला सांगणार नाही.